काविळीचं पथ्य

रविवार, १६ जानेवारी २००५. सकाळचे सहा. शिरूरच्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये मी मसालेभाताचे तांदूळ धूत होते. अडीचशे पानांचं जेवण होतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पुरी, जिलेबी, मठ्ठा. पुढं दारावर दोघं जण शिडी लावून कापडी फलक बांधत होते. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बोलते व्हा, मुले वाचवा.' खाली बारीक अक्षरांत, तरुणांचे मानसिक आरोग्य व आत्महत्या प्रतिबंध यांसाठी स्नेहभोजन.

आदल्या पावसाळ्यात तालुक्यातला कॉलेजचा एक मुलगा गेला होता. त्यानंतर महिला मंडळानं ठरवलं, जेवणाची कुपनं विकायची आणि शिरूरमध्ये एक खोली घ्यायची. तिथं पुण्याचे मनाचे डॉक्टर पंधरवड्याला एकदा येऊन बसतील. मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताई मला म्हणाल्या होत्या, "शालनताई, स्वयंपाक तुमच्याकडं. तुम्हाला असल्या दुखण्यांची कुठनं कल्पना असणार म्हणा, पण पुण्याईचं काम हाय, नाही म्हणू नका."

मी सणसवाडीत कामगारांची खानावळ चालवते. मोठ्या स्वयंपाकाची मला सवय आहे. मी हो म्हणाले. माझा मुलगा नितीन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि मागच्या पाच महिन्यांत दोनदा पुण्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात राहून आला होता. कुसुमताईंना हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की शालनताईंच्या नितीनला कावीळ झाली होती आणि ती उलटली होती.

हे मी चार वर्षांनी लिहिते आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी. धीर देणारं काही वाचायचं असेल तर दुसरीकडं बघा. माझ्याकडून काय चुकलं, तेवढं मी सांगणार आहे.

०००

नितीन आयटीआय करून सणसवाडीतल्याच एका कंपनीत शिकाऊ फिटर म्हणून लागला होता. जून महिन्यात त्याची अंघोळ चुकायला लागली. मग दाढी. खानावळीतल्या पोरांबरोबर संध्याकाळी क्रिकेट खेळायचा, ते सुटलं. टीव्ही लावून आवाज बंद करायचा आणि समोर बसायचा. मी म्हणायचे, माजलाय. सकाळी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायची आणि पाण्याचे कॅन उचलायला लावायची. कामाला लावलं की माणूस सरळ होतो, असं माझं मत होतं. खानावळ चालवणाऱ्या बाईचं दुसरं मत काय असणार?

ऑगस्टमध्ये त्यानं जे केलं, ते कसं केलं हे मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होत नाही. खालच्या खोलीतला एक भाडेकरू पोटात दुखतंय म्हणून पहिली पाळी अर्धी टाकून परत आला, म्हणून नितीन वाचला. एवढंच.

जीपमध्ये घालताना शेजारीण धावत आली. "काय झालं ओ? काय झालं पोराला?"

"कावीळ," मी म्हणाले. "अंगात मुरलीया."

ते खोटं माझं. यांनी, म्हणजे नितीनच्या वडिलांनी, नंतर फक्त री ओढली. मला ते सुचायला एक श्वासभराचा वेळ लागला, आणि पुढं मी त्याचा विचार केला तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं. कावीळ सोयीची असते. माणूस महिना-दोन महिने पडून राहिला तरी कुणी काही विचारत नाही. तो जेवत नाही, बोलत नाही, सुकत जातो, सगळं काविळीत बसतं. आणि काविळीला कुणी हसत नाही.

दवाखान्यात हवालदार येऊन जबाब घेऊन गेला. हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "काविळीचंच सांगायचं. रेखाचं व्हायचंय अजून."

रेखा आमची धाकटी. "नववीत हाय ती," मी म्हणाले.

"मंग? लोकं इसरत्यात व्हय?"

०००

आजाराचं नाव कळलं तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मला बरं वाटलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नितीनशी तासभर बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. "डिप्रेशन आहे," त्या म्हणाल्या. "नैराश्याचा आजार. आळस नाही, नाटक नाही, कुणाची करणी नाही. औषध आहे. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा सांगितलं. दोनदा मला आणि एकदा यांना.

आजार आहे म्हटल्यावर मला हलकं वाटलं. पांघरूण ओढून काढायची तेही आठवलं, पण आधी हलकंच वाटलं. मग मी विचारलं, "बाई, कागदावर दुसरं काही नाव लिहिता येईल का?"

"दुसरं म्हणजे?"

"कावीळ."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी काविळीची गोळी दिली तर चालेल का तुम्हाला?"

नाही म्हणून मी मान हलवली. पण त्यांचं म्हणणं मला कळलं नव्हतं. कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

वॉर्डाबद्दल थोडं सांगते. जाताना बादली-मग, चादर, जुनी वर्तमानपत्रं न्या. काही वस्तू दारावर जमा करून घेतात, त्यावरून वाद घालू नका. सकाळी सातला चहा, आठला गोळ्या. सिस्टर प्रत्येकाच्या समोर उभी राहायची. गोळी, पाणी, "आ कर. जीभ वर." नितीन लहान पोरासारखी जीभ वर करायचा. ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळेला कपडे धुवायला जायची. तिथली माणसं वेडीबिडी नव्हती. एक शाळामास्तर होते, एक बँकेतली मुलगी होती. कवठे येमाईचे एक आप्पा होते. त्यांचा मुलगा तिसऱ्यांदा दाखल झाला होता. पहिल्या दिवशी मी जिन्यात बसले होते तेव्हा त्यांनी फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली.

"कुठल्या तुमी?"

"सणसवाडी. मूळच्या मांडवगण फराट्याच्या."

"म्हंजी आपल्याच की. घरी काय सांगितलंय?"

"कावीळ."

आप्पा मोठ्यानं हसले. "आमी मलेरिया सांगितलाय. तिसऱ्यांदा मलेरिया. आता लोकं आमच्या दारात पावडर मारा म्हनून पंचायतीत अर्ज कराय लागल्यात." मग हसू पुसून म्हणाले, "बाई, गोळी आन् येळ. ह्या दोनीत खंड पडू द्यायचा न्हाई. बाकी काय सांगायचं ते सांगा लोकान्ला."

त्यांना वाटलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. मलाही तेच वाटलं.

०००

तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं आणि काविळीचं पथ्य सुरू झालं. तेल नाही, हळद नाही, तिखट नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ऊस नाहीतर मुळा घेऊन यायचा आणि ताटात काय आहे ते बघायचा. यांची एक आत्या तर त्याच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायची. "पिवळं उतरलंय बरं का," म्हणायची. पिवळं कधी चढलंच नव्हतं.

एका दुपारी नितीन आपण होऊन स्वयंपाकघरात आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, "आई, लोणचं दे गं थोडं."

ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे त्यांना कळेल हे वाक्य किती मोठं आहे. त्याला कशाचीतरी चव हवी होती. आणि मी काय केलं? आत्याबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "लोणचं? काविळीत लोणचं मागतोस? लाज हाय का?"

तो परत जाऊन झोपला. संध्याकाळी मी त्याच्यासमोर वाटीभर लोणचं नेऊन ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

खानावळीचीही वाट लागली. आमच्याकडं जेवणारे बहुतेक बिहार-यूपीकडचे. त्यांच्यातला सगळ्यात जुना, रामप्रवेश, एक दिवस दारातच उभा राहिला. "आंटीजी, जॉन्डिस तो पानी से होता है ना?"

"उबालके देती मैं."

"वो तो है. बुरा मत मानिए, आंटीजी." आणि गेला. त्याच्यामागं बाकीचे. बावीस ताटांची चौदा झाली. खरं सांगितलं असतं तर एकही ताट हललं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी वेड म्हणवून घेण्यापेक्षा घाण पाणी म्हणवून घेणं मी पत्करलं.

०००

ऑक्टोबरमध्ये मी त्याला दौंडला पाठवला. तिथं माझे धाकटे दीर रेल्वेत नोकरीला आहेत. त्यांच्या बायकोचं, मंगलचं, नितीनवर लहानपणापासून फार. तिला मूलबाळ नाही. खानावळीतल्या गोंगाटापेक्षा क्वार्टरमध्ये तो शांत राहील असं वाटलं. गोळ्यांची पिशवी मी मंगलच्या हातात दिली. सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या ते सांगितलं.

"कशाच्या हायेत ह्या, आक्का?"

"ताकदीच्या. कावीळ झाली की अशक्तपणा येतो."

मंगल मन लावून करणारी बाई. तिला एखादी गोष्ट सांगितली की ती ती पुरती करते. काविळीचं दुखणं सांगितलं, तर तिनं काविळीवर दौंडच्या आसपास जेवढं म्हणून मिळतं तेवढं सगळं केलं. कुणीतरी एका पाला देणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. ती नितीनला रोज पहाटे त्याच्याकडं चालत घेऊन जायची. म्हातारा म्हणाला, "ह्याच्यावर एकवीस दिस इंग्रजी औषध चालत न्हाई. लिव्हरावर येतं."

मंगलनं गोळ्यांची पिशवी फळीवर मागं ठेवून दिली. ताकदीच्याच तर होत्या. ताकदीसाठी तिनं खारीक-खोबरं चालू केलं.

दहा-बारा दिवसांनी नितीनचं बोलणं बंद झालं. मंगलला वाटलं, औषध लागू पडतंय, आधी असंच होतं. मग एका सकाळी तो न सांगता घरातून गेला. दिरांच्या बरोबरच्या एका माणसानं त्याला ओळखलं आणि हाताला धरून परत आणलं. कुठून, ते लिहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा क्वार्टरसमोरच्या नळावर बायका होत्या. ह्यांनी त्या सगळ्यांच्या समोर मंगलला झोडपलं. हातानं नाही, तोंडानं. "तुझ्या त्या पाल्यानं वाटोळं केलं पोराचं! तुला कुनी सांगितली होती शानपती? स्वतःला झालं न्हाई एक बी, आन् दुसऱ्याचं माराय निघाली!"

मंगल म्हणाली, "भावजी, काविळीत गोळ्या चालत न्हाईत म्हनून मी..." आणि माझ्याकडं बघितलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, तिला गोळ्या कशाच्या ते माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. एवढंच. मी पदर सारखा केला आणि नितीनची पिशवी भरायला आत गेले.

परत तोच वॉर्ड. परत सातला चहा, आठला गोळ्या, जीभ वर. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्या रागावल्या. "तुम्ही लपवलंत म्हणून त्यांनी बंद केल्या," म्हणाल्या. नितीन पलीकडच्या खाटेवर होता. त्यानं ते ऐकलं.

०००

आता पुन्हा त्या रविवारावर येते. नितीन डिसेंबरात घरी आला होता. हळूहळू बरा होत होता. गोळ्यांनी जरा जाड झाला होता, पण अंघोळ करत होता, बोलत होता. शिरूरला येतो, वाढायला लागतो, असं तोच म्हणाला. मला ते नको होतं आणि हवंही होतं. ती खोली झाली तर त्याला दर पंधरवड्याला पुण्याचे हेलपाटे घालावे लागणार नव्हते. एवढ्यासाठी तरी ते जेवण नीट व्हायला हवं होतं.

सकाळी नऊला शेडच्या दारात मंगल उभी. मी तिला बोलावलं नव्हतं. तिला कुठूनतरी कळलं होतं, आणि क्वार्टरमधल्या बायकांना पाच कुपनं विकून ती पहिल्या गाडीनं आली होती. तिनं पदर खोचला आणि पुऱ्या लाटायला बसली. तीन तासांत आम्ही दोघी पुऱ्यांचा आकार आणि तेलाचा ताव, यापलीकडं काही बोललो नाही.

बाहेर भाषणं चालली. पाहुणे उशिरा आले, म्हणून भाषणं लांबली आणि पुऱ्या मऊ पडल्या. शेडमध्ये सगळं ऐकू येत होतं. "आपण लपवतो, हीच आपली खरी अडचण आहे," पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. कुसुमताई आत डोकावल्या. "शालनताई, मठ्ठा पातळ करा जरा. अंदाजापेक्षा जास्त लोक आल्यात. आपली माणसं किती जागी झालीत बघा." मी मठ्ठा पातळ केला.

दुसऱ्या पंगतीला मी मंगलला बळंच बसवलं. नितीन जिलेबीची परात घेऊन वाढत होता. मी चार पानं मागं भात घेऊन होते. तो मंगलपाशी थांबला.

"घे काकू."

"नको रं बाळा. म्होरं जा."

"एक तरी घे की."

"गोड सोडलंय मी." मंगल हळू म्हणाली. "तू धडधाकट झाल्याबिगर तोंडाला लावायची न्हाई. माझ्या हातनं झालंय ना त्ये."

नितीन हललाच नाही. पुढच्या पानावरचा एक जाडजूड माणूस म्हणाला, "ए पोरा, जिलेबी काय नुसती दावायला आनलीस व्हय?" दोघंतिघं हसले.

"काकू," नितीन म्हणाला, "मला कावीळ झालीच न्हवती. तुझ्या हातनं काय झालं न्हाई. त्या गोळ्या डोक्याच्या होत्या. ज्याच्यासाठी हे जेवण चाललंय ना, तेच हाय मला."

तो ओरडला नाही. पण त्या बाजूचं बोलणं थांबलं. पानांवरचे हात थांबले. मी लोकांची तोंडं बघितली. खरं सांगते, त्या तोंडांवर वाईट काही नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं. पुढं ते काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही, कारण मी त्यांना वेळच दिला नाही.

"कावीळ डोक्यात गेलीय त्याच्या!" मी मोठ्यानं म्हणाले. "चेष्टेची सवयच हाय मेल्याला. जेवा तुमी. वाढ रे म्होरं."

पंगत हसली. जाडजूड माणूस सगळ्यात मोठ्यानं हसला. नितीननं परात टेबलावर ठेवली आणि मागच्या दारानं गेला. मंगलनं माझ्याकडं बघितलं, दौंडच्या नळावर बघितलं होतं तसंच, आणि या वेळी तिला कळलं. ती पानावरून उठली, हात धुतले, पिशवी घेतली आणि चालायला लागली.

मी काय केलं ते लिहिते. मी भात वाढत राहिले. ती पंगत आणि त्यानंतरची अख्खी पंगत. नितीन कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. दोनदा तो मरता मरता वाचला होता. तरी मी "भात घ्या, अजून घ्या" म्हणत होते, कारण मी परात टाकून पळाले असते तर लोकांना कळलं असतं.

चौथी पंगत बसायच्या आत पळाले. एसटी स्टँड बघितला. रसवंतीची दुकानं बघितली. मग घोड नदीच्या पुलापर्यंत पळत गेले, पुलावर दोन्ही बाजूंनी बघितलं. चप्पल कुठं सुटली ते कळलं नाही. मग परत फिरले.

कार्यालयाच्या मागं, हौदापाशी, नितीन पातेली घासत होता. घासायला सांगितलेली बाई आली नव्हती. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं.

"नदीवर गेलतीस व्हय?"

"व्हय."

"वाटलंच मला." तो घासत राहिला. मी त्याच्यासमोर बसले. घासलेलं पातेलं पालथं घालून म्हणाला, "आई, मी परत तसं करनार न्हाई, असं मला तुला लिहून देता येत न्हाई. मला बी भ्या वाटतं. गोळ्या घेईन. पन कुनापासनं लपवू आन् किती दिवस? तुझ्यापासनं लपवायचं काय न्हाई, पन तुला सांगून उपेग न्हाई, तू नुसती घाबरतीस. आन् वडलांना सांगायची सोय न्हाई. घरातलं एक माणूस पाहिजे, ज्याला खरं ठावं हाय आन् जे भीत न्हाई. मला काकू पाहिजे. आन् तू तिला सांगायचं. मी सांगितलं तर तू हसण्यावारी नेलंस."

कार्यालयातून माईकवर कुसुमताईंचा आवाज आला. कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानत होत्या. त्यात माझंही नाव होतं. शाल-नारळासाठी दोनदा पुकारलं. मी गेले नाही. घासणी घेतली आणि दुसरं पातेलं ओढलं.

ती खोली पुढं झाली, तेही सांगून टाकते. आजाराचं नाव पाटीवर नको, असं मंडळात ठरलं, म्हणून 'युवा मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी लावली. पोरं दहावी-बारावीचे दाखले घेऊन नोकरी विचारायला यायची. डॉक्टर सात-आठ महिने आले, मग यायचे थांबले. नितीनचे पुण्याचे हेलपाटे काही सुटले नाहीत.

०००

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीतल्या पोरांना सांगितलं, आज नाश्ता बाहेर करा. हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "कुठं निघालीस?"

"दौंडला. मंगलला सांगायला."

"काय सांगायला?" मग त्यांना कळलं. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. "शालन, रेखाचं..."

"रेखाचं रेखा बघंल," मी म्हणाले आणि निघाले.

शिक्रापूरहून चौफुला, चौफुल्याहून दौंड. क्वार्टरवर पोचले तेव्हा नळाला पाणी होतं. त्याच बायका होत्या. मंगल रांगेत तिसरी होती. मला बघून तिनं मान फिरवली. म्हणाली, "घरात चला. हितं काय नको."

"इथंच," मी म्हणाले. "बोलणी तुला इथंच बसली होती."

उभ्या उभ्या सांगितलं. नितीनला कावीळ नव्हती. मनाचा आजार आहे, त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. त्या गोळ्या त्या आजाराच्याच होत्या. मी मंगलला खोटं सांगितलं आणि तिला बोलणी बसली तेव्हा गप्प राहिले. चूक माझी होती. तिची नव्हती.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया! आन् आमी अडीच म्हैने हिच्याकडनं इरजण बी घेतलं न्हाई, हात वंगाळ म्हनून."

दुसरी म्हणाली, "माझ्या भावाच्या पोराचं बी असंच हाय वो. कुठं दाखिवता तुमी?" मी तिला पुण्याच्या दवाखान्याचं नाव सांगितलं.

मंगलनं हंडा भरला, उचलला आणि आत गेली. मी मागं गेले. तिनं मला बस म्हटलं नाही.

"तुमच्या दिरांनी अडीच म्हैने माझ्या हातचा चहा घेतला न्हाई," ती म्हणाली. "ठावं हाय तुमाला?"

"न्हाई."

"कसं असंल?" तिनं हंडा ठेवला. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. फळीवरून वीजबिलाचा जुना कागद काढला, उलटा केला, पेन दिलं. "नाव लिवा त्या दुखण्याचं. खरं नाव."

मी लिहिलं.

"मोठ्या अक्षरात. मला जवळचं दिसत न्हाई." मी पुन्हा लिहिलं. "आता गोळ्या. सकाळच्या येगळ्या, रातच्या येगळ्या. कुनी बंद करा म्हनलं तर काय सांगायचं, त्ये बी लिवा. नितीन आला तर मला लागंल. पाठवायचा का न्हाई त्ये तुमचं."

"तो तुझ्याकडंच यायचं म्हणतोय."

कागद हातात घेऊन तिनं लांब धरला आणि ओठ हलवत सगळा वाचला. मग परत माझ्यासमोर ठेवला.

"खाली सही करा."

"कुणाची?"

"तुमची. मागल्या खेपंला तोंडी होतं."

मी सही केली.